ही मेरिट लिस्ट नव्हे: अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाबद्दल एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डची (कायम राहण्याच्या परवान्याची) रांग न संपणारी. मुलगा एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, पाचवीपासून अमेरिकेत, सध्या ज्युनिअर, म्हणजे अकरावीत. जीपीए (शाळेतल्या ग्रेडची सरासरी) ३.९, एसएटी (कॉलेज प्रवेशाची टेस्ट, १६०० पैकी) १५१०, रोबोटिक्स, थोडाफार तबला. धाकटी मुलगी इथेच जन्मलेली. मुलाला कम्प्युटर सायन्स हवंय. वर्षाला ३५ हजार डॉलरपर्यंत झेपेल. एक खासगी सल्लागार ९ हजार डॉलरला 'टॉप ३०'चं पॅकेज देतोय, ते घ्यावं का? आता आणखी कोणत्या ॲक्टिव्हिटी कराव्यात? एवढ्या मार्कांना कुठे मिळेल? आणि अगदी शेवटी, सहज सुचल्यासारखं: मुलगा या विषयावर घरात एक शब्द बोलत नाही.

मी अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलमध्ये १८ वर्षं काउन्सेलर आहे. दर वर्षी आपली मराठी कुटुंबंही समोर येतात, आणि तुमचे चारही प्रश्न जवळजवळ याच क्रमाने येतात. मी उत्तर उलट्या क्रमाने देणार होते, पण 'एवढ्या मार्कांना कुठे मिळेल' हा काटा आधी काढल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही.

हा प्रश्न आपल्या हाडात मुरलेला आहे. आपण ज्या व्यवस्थेतून आलो तिथे एक आकडा असायचा, यादी लागायची, शेवटच्या नावाखाली रेघ मारलेली असायची. रेघेच्या वर तो आत, खाली तो बाहेर. अर्ध्या टक्क्याने हुकलं तर तसं सांगता तरी यायचं. इथे ती रेघच नाही. चुरशीच्या कॉलेजात मुलांना क्रमांक देत नाहीत, तिथे एक बॅच जुळवतात. लग्नाच्या पंक्ती बसवणाऱ्या माणसासारखं त्यांचं डोकं चालतं. ऑर्केस्ट्रात ओबो वाजवणारं कोणी हवं, लॅटिन शिकणारी चार मुलं हवीत, खेडेगावातून कोणी यायला हवं, पूर्ण फी भरणारेही हवेत आणि फुटबॉलच्या कोचने मागितलेलेही. तुमच्या मुलाचे १५१० हे पंगतीत शिरायला पुरेसे असतात. पण कोणाला कुठे बसवायचं हे त्या आकड्यावर ठरत नाही.

दुसरी गोष्ट, ३.९ ला स्वतःचा असा अर्थ नाही. ट्रान्स्क्रिप्टबरोबर, म्हणजे ग्रेडच्या अधिकृत कागदाबरोबर, आम्ही शाळेचं एक प्रोफाइल पाठवतो. त्यात शाळेत एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) विषय किती आहेत, ग्रेड कशा देतात, मुलं पुढे कुठे जातात, हे सगळं असतं. अर्ज वाचणारा माणूस ते प्रोफाइल शेजारी ठेवूनच वाचतो. शाळेत २० एपी असताना मुलाने तीन घेतले, तर त्याने सोपी वाट धरली असं दिसतं. शाळेत चारच असताना तीन घेतले, तर तोच मुलगा मेहनती ठरतो. त्यामुळे व्हॉट्सॲपवरच्या ओळखीतल्या मुलाला कुठे मिळालं, यावरून तुमच्या मुलाबद्दल काहीही कळत नाही. त्याचा अर्ज दुसऱ्याच शाळेच्या प्रोफाइलशेजारी वाचला गेलाय.

खात्री करून घ्यायची असेल तर आवडत्या कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधा. बहुतेक कॉलेजं तो दर वर्षी जाहीर करतात. त्यातल्या सी-७ या तक्त्यात ग्रेड, विषयांची काठिण्यपातळी, टेस्ट, निबंध, शिफारसपत्रं, आईवडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी असणं, कॉलेजमध्ये रस दाखवणं, यातलं काय 'फार महत्त्वाचं' आणि काय 'विचारात घेत नाही' हे कॉलेजने स्वतः भरलेलं असतं. गेल्या वर्षी एक बाबा मुलीला घेऊन दर सुट्टीत कॉलेजांच्या फेऱ्या मारत होते, 'इंटरेस्ट दिसला पाहिजे' म्हणून. त्यातल्या निम्म्या कॉलेजांच्या तक्त्यात त्या ओळीपुढे चक्क 'विचारात घेत नाही' होतं. विमानाच्या तिकिटांचे पैसे गेले ते गेलेच.

वंशाबद्दलही दर कार्यक्रमात कोणीतरी विचारतंच, म्हणून एवढंच सांगते. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना यांच्या खटल्यात वंश हा प्रवेशाचा निकष म्हणून वापरायला मनाई केली. मुलाने स्वतःचा अनुभव निबंधात लिहायला आडकाठी नाही. त्यापलीकडे या विषयावर घरात चर्चा करण्यात जो वेळ जातो, तो निबंधाला द्या.

आता पैसा. माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य '३५ हजार झेपतील' हे आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. कॉलेजांची यादी नावापासून सुरू करायची नसते, या वाक्यापासून करायची असते. एच-४ वरच्या मुलाच्या बाबतीत तर दुसरी वाटच नाही.

मुलगा एच-४ वर आहे, म्हणजे त्याला केंद्र सरकारची कुठलीही मदत मिळणार नाही. पेल ग्रांट (परत न करायची मदत) नाही, सरकारी लोन नाही, वर्क-स्टडी (शिकताना मिळणारं सरकारी मदतीचं काम) नाही. फाफ्सा हा या मदतीचा अर्ज नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही मोजक्या गटांसाठी आहे. खासगी बँकेचं शिक्षणकर्ज काढायचं तर बहुतेक ठिकाणी नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेला जामीनदार मागतात. तुमची धाकटी मात्र नागरिक आहे. तिच्या वेळी फाफ्सा भरता येईल आणि तेव्हा तुमचा व्हिसा कोणता आहे याने तिचा हक्क जात नाही. एकाच घरात दोन मुलांना दोन कायदे लागू होतात. हे मोठ्याला नीट बसवून सांगा, नाहीतर चार वर्षांनी त्याला ते भलत्याच प्रकारे कळेल.

मग मोठ्यासाठी तीन वाटा उरतात.

पहिली, तुमच्याच राज्याचं सरकारी विद्यापीठ, राज्यातल्या रहिवाशाच्या फीमध्ये. इथे सगळा खेळ 'रेसिडेन्सी' या एका शब्दाचा आहे. बऱ्याच राज्यांत एच-४ वरच्या मुलाला रहिवासी मानतात, कारण या व्हिसावर तुम्ही इथे कायम राहण्याचा इरादा ठेवू शकता. पण नियम राज्याराज्याला बदलतात, आणि कधीकधी एकाच राज्यात विद्यापीठागणिक कागद वेगळे मागतात. हे ॲडमिशन ऑफिस ठरवत नाही, बहुधा रजिस्ट्रारकडे रेसिडेन्सीचा वेगळा विभाग असतो. त्यांना ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या, फोनवरच्या 'आय थिंक सो'वर विसंबू नका. त्याच ईमेलमध्ये आणखी एक प्रश्न विचारा: मुलगा २१ वर्षांचा झाला की एच-४ संपतो, तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, तेव्हा फीचा वर्ग बदलेल का? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मध्यावर हा प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक घरांत तो तेव्हाच पहिल्यांदा कळतो. फरक केवढा असतो याचा अंदाज यावा म्हणून सांगते, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात नव्याने येणाऱ्या बाहेरच्या मुलाला नेहमीच्या फीवर वर्षाला ३७ हजार डॉलरहून जास्त अधिभार पडतो. तुमचं सगळं बजेट नुसत्या अधिभारात संपलं.

दुसरी वाट, गुणवत्तेवर स्कॉलरशिप देणारी कॉलेजं. यात नाव थोडं कमी झळकतं, पैसा खरा असतो. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामासारख्या काही ठिकाणी जीपीए आणि टेस्टच्या आकड्यांवर किती रक्कम मिळेल याचा तक्ताच लावलेला असतो. ज्यांना मेरिट लिस्टची सवय आहे त्यांनी इथे खुशाल हौस भागवून घ्यावी. फक्त तक्ता बाहेरच्या राज्यातल्यांचा वेगळा आणि परदेशी विद्यार्थ्यांचा वेगळा असू शकतो, आणि तुमचा मुलगा कोणत्या रकान्यात येतो हे विचारून घ्यायचं.

तिसरी वाट, गरजेनुसार मदत देणारी श्रीमंत खासगी कॉलेजं. मदतीच्या बाबतीत बरीचशी कॉलेजं एच-४ वाल्याला परदेशी धरतात. म्हणजे मदत मागितली की प्रवेशाचीच शक्यता घटते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा थोड्या ठिकाणी परदेशी मुलालाही मदतीच्या अर्जाचा विचार न करता निवडतात आणि निवडल्यावर पूर्ण गरज भागवतात. अशा ठिकाणी प्रवेश मिळणं किती अवघड हे मी सांगायला नको. अर्ज करावा, पण त्यावर बजेट आखू नये.

आणखी एक फसगत. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असतो, मदत वजा जाता तुम्हाला किती खर्च येईल याचा अंदाज देणारा. २००८ च्या कायद्याने तो सक्तीचा केलाय आणि नागरिकांच्या घरांना तो फार उपयोगी आहे. तुम्ही तो भरलात तर एखादा सुंदर आकडा येईल. तो तुमचा नाही. त्यात सरकारी मदत धरलेली असू शकते आणि तुमचा मुलगा अमेरिकन नागरिक आहे असं गृहीत धरलेलं असतं. धाकटीच्या वेळी मात्र दर वर्षी भरून बघा.

पैशाचं गणित कागदावर आलं की यादी आपोआप आकार घेते. मी मुलांना नऊ-दहाच्या वर जाऊ देत नाही. कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या साइटवर, २० कॉलेजांची मर्यादा आहे आणि आपली माणसं मर्यादा दिसली की ती गाठतात. प्रत्येक कॉलेजचे वेगळे छोटे निबंध असतात, 'आमच्याकडेच का' हा त्यातला ठरलेला. अठराव्या कॉलेजचा 'आमच्याकडेच का' वाचला की त्यात दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहून गेलेलं असतं. ही कल्पित गोष्ट नाही, मी दर डिसेंबरला निदान एक तरी असा निबंध पकडते.

यादीत सगळ्यात जास्त विचार तळाच्या दोन नावांवर करा. सुरक्षित कॉलेज म्हणजे जिथे प्रवेश जवळजवळ नक्की, जिथली फी तुम्हाला झेपते आणि जिथे मुलगा आनंदाने जाईल. तिन्ही एकदम. आपल्याकडे सुरक्षित म्हणून असं नाव घालतात की ज्याचा उच्चारही घरात नाक मुरडून होतो. मग एप्रिलमध्ये तेवढंच हाती उरलं तर मुलगा स्वतःला नापास समजतो. नाक मुरडायचं असेल तर ते नाव घालू नका, दुसरं शोधा.

कम्प्युटर सायन्सबद्दल (सीएस) वेगळं सांगायला हवं, कारण इथे 'कॉलेजचा' प्रवेश आणि 'विषयाचा' प्रवेश या दोन गोष्टी झाल्या आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये किंवा इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनमध्ये सीएसला थेट निवड झाली नाही, तर 'आत तर शिरू, मग ब्रँच बदलू' हा आपला जुना डाव चालत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कलीनेही २०२३ पासून सीएसचा प्रवेश थेट पहिल्याच वर्षी बांधून टाकला. त्यामुळे विद्यापीठाच्या एकूण प्रवेशाचा टक्का बघून 'हे सोपं दिसतंय' म्हणू नका, सीएसचा टक्का त्याच्या कितीतरी खाली असतो. उलट बऱ्याच छोट्या कॉलेजांत पहिल्या वर्षी विषयच ठरवायचा नसतो, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवला तरी चालतो. मुलाला सीएसच का हवंय, हेही एकदा विचारा. गणित, भाषाशास्त्र, संख्याशास्त्र यातलं काही त्याला त्याहून जास्त आवडत असेल आणि सीएस तुमच्या तोंडून आलं असेल, असं निघालं तर दचकू नका. माझ्या खुर्चीसमोर हे फार वेळा निघतं.

अर्ली डिसिजनबद्दल दोनच वाक्यं. तो बांधून घेणारा अर्ज आहे: बहुधा १ नोव्हेंबरपर्यंत भरायचा, डिसेंबरच्या मध्यात निकाल, मिळालं तर बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे, म्हणजे स्कॉलरशिपची तुलना करायची संधीच नाही. ज्या घराला ३५ हजारांची मर्यादा आहे त्याने हा सौदा फार विचार करून करावा. अर्ली ॲक्शनचं तसं नाही, निकाल लवकर येतो आणि बंधन काही नाही. तुमच्या राज्याच्या विद्यापीठात ती सोय असेल तर तिथला अर्ज आधी टाका. जानेवारीपूर्वी एक होकार हातात आला की घरातलं हवामानच बदलतं.

टेस्टचं आटोपतं घेते. १५१० पुरेत. एमआयटीने २०२२ मध्ये आणि त्यानंतर येल, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनीही टेस्ट परत मागायला सुरुवात केली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मात्र प्रवेशासाठी स्कोअर बघतच नाही. तिसऱ्यांदा बसवून ३० गुण वाढवण्यात उन्हाळा घालवू नका. त्या उन्हाळ्याचं काम दुसरं आहे.

ते काम म्हणजे ॲक्टिव्हिटीची यादी आणि निबंध. 'आणखी कोणत्या ॲक्टिव्हिटी कराव्यात' असं तुम्ही विचारलंत. नव्या एकही नको. अकरावीच्या वसंतात अचानक सुरू झालेली 'ना-नफा संस्था' आम्हाला लांबूनच ओळखू येते, आणि अर्ज वाचणाऱ्यांना आमच्या आधी. आहे तेच नीट सांगायचं. कॉमन ॲपमध्ये दहा जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. मुलं काय करतात, तर 'नेतृत्व', 'टीमवर्क', 'आवड' यात ती अक्षरं संपवतात. एका मुलाने लिहिलं होतं: 'रोबोटिक्स क्लबचा उत्साही सदस्य, टीमला यशाकडे नेण्यात मोलाचं योगदान.' मी विचारलं, तू नेमकं काय करतोस? म्हणाला, वायरिंग. मॅचच्या वेळी वायर सुटायची, म्हणून मी प्रत्येक जोडाला रंगीत टेप लावून तक्ता बनवला. 'मग तेच लिही ना!' नवीन ओळ झाली: '४२ जोडांना रंगाच्या खुणा, दुरुस्तीची वेळ ९ मिनिटांवरून २ वर; तक्ता आता नववीच्या मुलांना शिकवतो.' तीच ॲक्टिव्हिटी, पण या ओळीत एक माणूस दिसतो.

घरची जबाबदारी हाही कॉमन ॲपमधला अधिकृत प्रकार आहे. धाकट्या बहिणीला रोज शाळेतून आणून तिचा अभ्यास घेत असेल, आजीच्या औषधांचं वेळापत्रक बघत असेल, तर तास मोजून लिहायचं. आपले आईवडील हे लिहायला लाजतात, 'यात काय सांगायचं?' म्हणतात. आणि एच-४ वरच्या मुलांसाठी एक खास गोष्ट: त्याला पगारी नोकरी करताच येत नाही. बाकीच्यांच्या अर्जात उन्हाळ्यातली नोकरी, पगारी इंटर्नशिप दिसते, याच्या अर्जात तिथे पोकळी. जास्तीच्या माहितीसाठी जो रकाना असतो त्यात दोन ओळींत, रडगाणं न गाता, लिहून टाका: व्हिसामुळे पगारी काम करता येत नाही, म्हणून हे हे केलं. मी काउन्सेलर म्हणून माझ्या पत्रातही ते लिहिते. वाचणाऱ्या प्रत्येकाला व्हिसाचे नियम ठाऊक असतील असं धरून चालू नये.

निबंध ६५० शब्दांचा. तबल्यावर लिहायचं का, असं मुलगा विचारेल. तबल्यावर लिहून काही बिघडत नाही. पण तबला, भरतनाट्यम, भारतवारी, आजोबांचा गाव, शाळेत डब्याच्या वासावरून झालेली चेष्टा, हे विषय मी इतक्यांदा वाचलेत की पहिल्या दोन ओळींत शेवटची ओळ सांगू शकते. दोष त्या विषयांचा नाही. मुलगा 'भारतीय मुलाने काय लिहावं' असा विचार करून लिहितो आणि स्वतः त्यातून निघून जातो, तो खरा दोष.

एका मुलीची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. तिचा पहिला मसुदा विज्ञान प्रदर्शनातल्या पराभवावर होता. नीटनेटका, निर्जीव. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, आज शाळेत कशी आलीस? म्हणाली, बसने, ७:१९ च्या. मी म्हटलं, बोर्डावर तर ७:१२ लिहिलंय. ती एकदम सरसावून बसली. 'ती ७:१२ ला कधीच येत नाही. मंगळवारी ७:१९, शुक्रवारी ७:१६, पाऊस असला तर सांगता येत नाही.' तुला कसं माहीत? तिने दप्तरातून एक वही काढली. सातवीपासूनच्या बसच्या वेळा. का लिहितेस, तर म्हणे, पहिल्या वर्षी बस चुकली म्हणून उशिराची नोंद झाली आणि शिक्षकांना वाटलं ही खोटं बोलते. वहीत पुरावा होता, पण तोवर शिक्षा भोगून झाली होती. पुढे काय केलंस त्या वहीचं? काही नाही, म्हणाली, सवय लागली. आता स्टॉपवरचे सगळे मला विचारतात.

त्या वहीवरच निबंध झाला. त्यात स्टॉपवरच्या रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या नर्सबाई आल्या, ज्या तिला 'आज किती?' असं विचारायच्या. मोठा धडा नाही, शेवटी विजय नाही. तिला संख्याशास्त्र का आवडतं, हे मात्र कुठेही न सांगता कळत होतं. मी त्यात एक शब्द लिहिला नाही, फक्त प्रश्न विचारले. हेच तुम्हीही घरी करू शकता, एका अटीवर: उत्तर आल्यावर 'हे नको, ते लिही' म्हणायचं नाही.

एआयबद्दल: यंत्राने लिहिलेला मजकूर आपला म्हणून देणं हे कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीतच मोडतं. व्याकरण तपासून घेणं वेगळं. नियम बाजूला ठेवले तरी ७:१९ ची बस यंत्राला सुचत नाही.

शाळेच्या काउन्सेलरबद्दल तुम्ही थेट विचारलं नाही, पण सल्लागाराचा प्रश्न तिथूनच निघतो. आमच्या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत म्हणते. सरकारी शाळांत बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त असतात, माझ्याकडेही आहेत. म्हणून मुलाने माझ्याकडे यावं लागतं, मी त्याच्याकडे पोचेन याची खात्री नाही. मुलाने, आईने नव्हे. एप्रिल-मेमध्ये त्याने स्वतः ईमेल करून वेळ मागावी आणि येताना एक पान लिहून आणावं: कोणता विषय का आवडला, कोणत्या वर्षी काय बिघडलं, घरी काय परिस्थिती. माझं पत्र त्या पानातूनच होतं. शिफारसपत्रासाठी दोन शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुट्टीआधी विचारायचं, अकरावीला शिकवलेल्यांना, आणि ज्यांच्या विषयात त्याला धडपडावं लागलं त्यांना आधी. सहज ए मिळवणाऱ्या मुलाबद्दल शिक्षकाला सांगण्यासारखं थोडंच असतं. फॉर्मवर 'पत्र वाचण्याचा हक्क सोडतो' असा चौकोन येतो, तो हक्क सोडायचा. न सोडलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो.

आता ९ हजार. खासगी सल्लागार सगळे वाईट नसतात. चांगले सल्लागार मुलाला वेळापत्रकात ठेवतात, यादी जमिनीवर आणतात आणि आईवडील व मूल यांच्यातली भांडणं स्वतःवर घेतात. हे तिसरं काम तर पैसे देण्यासारखंच आहे. पण 'टॉप ३०' हे शब्द पॅकेजच्या नावातच असतील तर तो माणूस तुम्हाला तीच न असलेली रेघ विकतोय. कोणीही प्रवेशाची हमी देऊ शकत नाही, आणि या व्यवसायातल्या जबाबदार संघटनांच्या आचारसंहितेत अशी हमी द्यायला बंदी आहे. त्याला तीन प्रश्न विचारा. एच-४ वरच्या किती मुलांबरोबर काम केलंय आणि त्यांच्या फीचं काय झालं? निबंधात तुम्ही स्वतः किती लिहिता? माझ्या ३५ हजारांत बसणारी चार नावं आत्ता सांगता का? तिसऱ्या प्रश्नावर तो आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल यांच्यासारख्या नामांकित कॉलेजांची) गोष्ट सांगू लागला तर चहा पाजून वाटेला लावा. हवं तर तासावर पैसे घेणारा कोणी शोधून यादीसाठी दोन-तीन तास घ्या. बाकीचं तुमच्या मुलाला जमण्यासारखं आहे.

मुलगा अर्ज पाठवेल तेव्हा त्याचं एकच ईमेल खातं असू द्या आणि ते तो रोज उघडतो याची खात्री करा. मी प्रवेश हुकताना पाहिलेत ते कमी मार्कांमुळे तसेच न वाचलेल्या ईमेलमुळेही. कॉलेजच्या पोर्टलवर 'ट्रान्स्क्रिप्ट मिळालं नाही' असं तीन आठवडे लाल अक्षरात दिसत राहतं आणि कोणी बघत नाही. बारावीच्या ग्रेडही सांभाळायच्या. वर्षाच्या मध्यावर आणि शेवटी आम्ही पुन्हा ग्रेड पाठवतो, आणि दिलेला प्रवेश कॉलेज काढूनही घेऊ शकतं. बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. तोवर एप्रिलभर येणाऱ्या मदतीच्या पत्रांत 'अवॉर्ड' या शब्दाखाली ग्रांट आणि कर्ज एकत्र बेरजेला लावलेले असतात, तेव्हा कर्जाची ओळ वजा करून मगच तुलना करा. तुमच्या मुलाला सरकारी कर्ज नाहीच, पण धाकटीच्या वेळी हे लक्षात ठेवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मुलगा बोलत नाही, कारण घरात जेव्हा जेव्हा हा विषय निघतो तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर निघतो, आणि ताट सोडून उठता येत नाही. मी घरांना एक सोपी पद्धत सांगते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. कॉलेजचं जे काही बोलायचं ते त्याच अर्ध्या तासात. बाकीचे सहा दिवस त्या शब्दाला घरात बंदी, आत्याचा फोन आला तरी. पहिल्या दोन आठवड्यांत तुमची जीभ फार शिवशिवेल.

पहिल्या अर्ध्या तासात त्याच्यासमोर कागद ठेवा आणि त्यावर ३५ हजार लिहा, व्हिसाबद्दल जे आहे ते सगळं सांगा. त्याला बरंचसं आधीच माहीत असेल, ही मुलं दाराआडून ऐकत असतात. मग रेसिडेन्सी विभागाचा ईमेल पत्ता त्याला शोधू द्या आणि ते दोन प्रश्न त्यालाच लिहू द्या. तो लिहील तसे जाऊ द्या. इंग्रजी तुमच्यापेक्षा त्याचं बरं असणार.